बनाबाईचे पाय

"आई, हे पाकीट अजून भरलेलंच दिसतंय," कपाटात डोकं घालून शिवानी म्हणाली. "डायपर लावत नाही का तुम्ही हिला?"

"लावते की. कवा लावते, कवा न्हाई," बनाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली. सुनेने पुढे काही विचारलं नाही आणि तेच बनाबाईला खटकलं. पुण्याची माणसं गप्प बसली की काहीतरी शिजतंय असं समजावं, हे तिचं ठाम मत होतं.

आज तर पुरावाच हाती आला होता. धनाजी आणि शिवानी दर रविवारी भाटघरला यायचे ते लेकीसाठी बिस्किटं नाहीतर फ्रॉक घेऊन. या खेपेला गुलाबी प्लास्टिकचं भांडं आलं होतं. त्यात शू केली की म्हणे ते गाणं म्हणतं. शिवानी पुन्हा नोकरीवर गेली तेव्हापासून प्रेरणा आजीजवळच होती, आता दोन वर्षांची झाली. इतके दिवस तिच्या शी-शूची कुणाला काळजी नव्हती. मग आत्ताच का उपटली, हे बनाबाई ओळखून होती.

वरच्या धनगरवाड्यावरची साळूबाई दूध घालायला आली होती. ते भांडं बघून ती पदराआड हसली. "आमच्यात धारंच्या वक्ताला पोराला गोठ्यात हुबं करत्यात. म्हस मुतली की पोर बी मुततंय. गाणं कशापायी?"

शिवानीलाही हसू आलं. "प्रत्येकाची पद्धत वेगळी, मावशी. मी मोबाईलवर वाचत होते. चीनमध्ये पोरांच्या चड्डीला खालून फटच ठेवतात. व्हिएतनाममध्ये शिट्टी वाजवतात."

"पार चीनपातुर चौकशी केलीस व्हय?" बनाबाई म्हणाली. "एवढी घाई कसली हाय?"

शिवानीने नवऱ्याकडे पाहिलं. धनाजी घसा खाकरत म्हणाला, "आई, पुण्यात एक पाळणाघर बघितलंय. चांगलं हाय. पण डायपरमधली पोरं ते घेत न्हाईत."

बनाबाईला यात नवीन काही नव्हतं. दिवाळीला धनाजी मागच्या दारी मोबाईलवर हेच बोलत होता आणि तिने कान टवकारून सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून रविवारी गाडीचा आवाज आला की ती घाईघाईने पोरीला डायपर चढवायची. खरं तर प्रेरणाला आता त्याची गरजच नव्हती. लागली की ती आजीचा पदर ओढायची. मग बनाबाई मोरीच्या कडेला बसून पाय पुढे पसरायची, दोन्ही पावलांवर तिला बसवायची आणि "शूऽऽ" करायची. धनाजीलाही तिने असंच शिकवलं होतं. पण पोर शहाणी झाली हे कळलं की पोर जाणार, म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. ही लबाडी होती, आणि तिची तिला जराही लाज वाटत नव्हती.

साळूबाई गेली. शिवानीने डायपर काढून लेकीला भांड्यावर बसवलं. प्रेरणा लगेच उठली, भांड्यात वाकून पाहिलं आणि येऊन आजीचा पदर ओढू लागली. बनाबाई जागची हलली नाही.

मग पोरीने आईचा हात धरून तिला मोरीपाशी नेलं. "बश," ती म्हणाली. शिवानी बसली. प्रेरणाने तिचे पाय ओढून सरळ केले आणि त्यांवर बसू लागली.

शिवानी बघतच राहिली. "आई, हिला सगळं कळतंय. कधीपासून?"

"झालं लई दिस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर नेली असती."

शिवानीचे डोळे भरून आले. तिच्या पायांवरून पोर मात्र एका बाजूला घसरत होती. शेवटी बनाबाईच उठली, सुनेशेजारी बसली आणि तिच्या टाचा धरून जवळ आणल्या. "आसं धर. पोरीला पडायचं भ्या वाटलं तर हुणार न्हाई. आता आवाज काढ."

शिवानीने आवाज काढला, तो कोंबड्या हाकलल्यासारखा. प्रेरणा तशीच बसून राहिली. सवयीने बनाबाईच्याच तोंडून "शूऽऽ" निघालं, तशी पोरीने मान वळवली आणि आजीकडे पाहून हसली.

बनाबाईने ओठ मिटले. "तूच काढ," ती सुनेला म्हणाली. "तिकडं मी कुठं असणार हाय?"

शिवानीने पुन्हा आवाज काढला, या वेळी हळू आणि लांब. प्रेरणाने आजीकडे पाहिलं नाही. मोरीच्या दगडावरून धार वाहू लागली, आणि बनाबाईने पाण्याचा तांब्या भरून सुनेच्या हाताशी ठेवला.