झाड कुणी लावलं?

शेतकी खात्याची दोनाता झाड तोडायचा कागद घेऊन इटलीतल्या लेच्चे शहराजवळच्या बागेत आली, तर ओरोंझोकाका वाळत्या ऑलिव्हला पुन्हा चुना फासत होते. तिचा पाराच चढला.

"काका, या रोगाला औषध नाही, तीन वर्षं घसा कोरडा करून सांगतेय! तो मोबाइलवर चुन्याचा उपाय विकणारा थापा मारतो."

"कळतं गं मला, दुधखुळा नाहीये मी. पण त्याने पहिल्याच फोनला विचारलं, झाड कुणी लावलं? तू विचारलंस कधी?"

कागद पिशवीत टाकून दोनाता चुन्याच्या बादलीशेजारी बसली.

"कुणी लावलं, काका?"

"कुणास ठाऊक! माझ्या पणज्यालाही माहीत नव्हतं," म्हणत काकांनी हात पुसले. "आण तो कागद, सही करतो."