मला धड जोडा हो!

मित्रांनो, ट्रॅक्टरच्या तोंडाला बसवतात तो लोडर मी. दोन लोखंडी हात आणि पुढे एक रुंद बकेट, एवढाच माझा देह. माती असो की शेणखत, भरायचं, उचलायचं, ओतायचं. आता जुना झालोय आणि थोडा चिडकाही. पण माझी हकिगत ऐकलीत, तर माझं चिडणं तुम्हालाही पटेल.

मी घडलो गुजरातेतल्या एका लहानशा कारखान्यात. पहिली काही वर्षं तलासरीकडच्या झरी गावात, एका गवताच्या वखारीत गठड्या उचलल्या. मालक पाहुण्यांना सांगायचा, "वाघ आहे वाघ!" पुढे माझा ट्रॅक्टर विकला गेला आणि या वाघाला वखारीमागे टाकून दिलं. चार पावसाळे मी तिथे पडून होतो. माझे सांधे गंजले, तेलाचे पाइप उंदरांनी कुरतडले आणि बकेटमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझा काही उपयोग केला तो त्यांनीच.

२०१६ साली वरोरच्या काशीनाथशेठनी मला विकत घेतलं. त्यांची चिकूची वाडी होती आणि झाडांच्या रांगांमधून फिरणारा एक छोटा ट्रॅक्टर होता. वाडीत खत वाहायची ठकी. बारा वर्षं डोक्यावर पाट्या वाहून तिची मान आखडली होती. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायला साफ मनाई केली, तेव्हा आता आपलं काम सुटणार या धास्तीने ती शेठकडे आली.

"काम कशाला सुटेल?" शेठ तिला म्हणाले. "ओझं आता हा लोडर वाहील. तू ट्रॉलीत खत सारखं कर."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. कुणाची तरी मान आपल्यामुळे वाचणार होती!

आशागडच्या लाहू वेल्डरने मला दुरुस्त करायला घेतलं. गंजून बसलेल्या पिना तापवून तापवून काढल्या, माझे हात उचलणाऱ्या जॅकची सीलं बदलली, नवे पाइप टाकले. मग ट्रॅक्टरकडे बघून तो थबकला.

"शेठ, पुढे एवढा भार, नि मागे काय? मागे वजन लावायला लागेल. नि लोडरला धरणारा हा सांगाडा पार मागच्या चाकांच्या एक्सलपर्यंत न्यायला पाहिजे. चार दिवस द्या."

"चार दिवस? खत वाळून चाललंय! आधी उचलू दे, मग लाव तुझं वजन."

"हे बरोबर नाय, शेठ."

"तू जोड रे!"

लाहूने हात टेकले. बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही, असं दोनदा बजावून त्याने मला ट्रॅक्टरच्या नुसत्या तोंडालाच जोडलं. त्या घाईत पाइपही उलटे बसले. लिव्हर वर केला की मी खाली जायचो! ते तेवढं दिसलं आणि सुधारलं. बाकी सगळं तसंच.

दुसऱ्या दिवशी शेठनी काठोकाठ खत भरलं आणि मला थेट ट्रॉलीच्या उंचीवर नेलं. गुडघा कुठे आणि ट्रॉली कुठे! पुढचं चाक पाटात घसरलं, मागची दोन्ही चाकं हवेत गेली आणि मी तोंडावर आपटलो. ट्रॉलीशेजारी फावडं घेऊन उभ्या असलेल्या ठकीने मागे उडी घेतली. माझी कड तिच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतली.

आणि शेठ काय म्हणाले असतील? "तू तिथे उभी कशाला राहिलीस?"

मला हात होते, पण कपाळ नव्हतं बडवायला.

ठकीने फावडं खाली ठेवलं. "बारा वरसं तुमचं खत वाहलं, शेठ. एकदा पण कोणाच्या अंगावर नाय सांडलं." आणि ती निघून गेली.

आठ दिवस ती आली नाही. शेठना जेवण गोड लागेना. शेवटी ते तिच्या पाड्यावर गेले. तिथे काय झालं, ते त्यांनी परत आल्यावर आपल्या पत्नीला, हिरकणीबाईंना सांगितलं, तेव्हा मला कळलं.

शेठ म्हणाले होते, "ठकी, चूक माझी होती."

ठकी म्हणाली होती, "चूक बोलून ट्रॅक्टर मागून जड होतो का? लाहूला बोलवा. नि चालवायला मला शिकवा. बकेटपाशी मीच उभी राहते, तर लिव्हर पण माझ्याच हातात द्या."

लाहू आला. त्याने पुरते चार दिवस घेतले. सांगाडा मागच्या एक्सलपर्यंत नेला, मागे काँक्रीट भरलेला ड्रम बसवला. ठकी शिकली. शिकताना तिने मला दोनदा चिकूच्या बुंध्यावर नेऊन धडकवलं, मी वैतागलो. पण बकेट वर ठेवून ट्रॅक्टर पळवण्याचा आगाऊपणा तिने एकदाही केला नाही.

२०१९ मध्ये एकदा शेठचा पुतण्या देवेश घाईत होता. ड्रम फांद्यांना अडतो म्हणून त्याने तो काढून टाकला. "दोनच बकेट आहेत, उचल पटकन," तो ठकीला म्हणाला. ठकीने इंजिन बंद केलं आणि बांधावर जाऊन बसली. देवेशने काकांकडे पाहिलं. शेठ पाना घेऊन स्वतः मागे गेले आणि देवेशला म्हणाले, "धर ड्रम."

मित्रांनो, मला वेळेवर ग्रीस द्या, पाइप तपासा, काम संपलं की बकेट जमिनीला टेकवून ठेवा. आणि माझ्याजवळ राबणारं माणूस 'थांबा' म्हणालं, तर पहिल्यांदाच थांबा हो! दुसऱ्यांदा सांगायला ते उरेलच, असं नाही.