दौलतरावांच्या दारातला कडुनिंब

शनिवारी दौलतरावांच्या दारातला कडुनिंब वाळून काडी झाला होता, आणि मंगळवारी त्याच आळ्यात हिरवागार डोलत होता. मालोजी खाली बसला. माती ताजी, भुसभुशीत. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

मध्य प्रदेश होऊन तीन वर्षं झाली होती. दारातलं झाड वर्षभर जगवेल त्याला घरपट्टीत सूट, अशी योजना इंदूरच्या जुनी इंदूर भागात लागू झाली होती. सरकारी अनुदानातून दोन माणसं नेमली होती. मालोजीनं झाडं मोजायची आणि गंगूबाईनं पाणी घालायचं. गुरुवारी साहेब तपासणीला येणार होते.

मालोजीनं सगळी गल्ली पालथी घातली. अशी ताजी माती अकरा दारांत निघाली. सवलतीसाठी लोकांनी संगनमत केलं, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. दौलतरावांना विचारलं तर ते म्हणाले, झाडाकडे आपलं लक्षच नव्हतं. मालोजीला ते पटलं नाही. होळकरांच्या दफ्तरात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांचं लक्ष नसेल होय?

बुधवारी उजाडताच तो समोरच्या ओट्याआड दबा धरून बसला. आली ती गंगूबाई. टोपलीवर फडकं, फडक्याखाली नर्सरीतली रोपं. मालोजी पुढे झाला. ती दचकली, पण टोपली लपवली नाही.

"झाडं पचास के नीचे गेली तर एकच माणूस ठेवणार, असं दफ्तरात बोलत होते, भिया," ती म्हणाली. "तुम्हाला लिहिता येतं. मला कोण ठेवणार?"

मालोजी तसाच घरी गेला. दिवसभर त्याला जेवण गेलं नाही. ज्यांच्यावर नजर ठेवली ते निर्दोष निघाले, आणि जिच्याबरोबर रोज फिरला तिच्यावर कधी संशयही आला नव्हता.

गुरुवारी साहेबांनी आकडा विचारला. जुनी एकोणपन्नास, अकरा या आठवड्यातली, असं मालोजीनं खरं ते सांगितलं. गंगूबाई मान खाली घालून उभी होती. साहेबांनी त्याच्याकडेच रोखून पाहिलं आणि या अकरा घरांकडून काय मिळालं, असं विचारलं.

मालोजीची कानशिलं तापली. "काही नाही, साहेब. वैशाखात नळ आटला, तेव्हा या बाईनं लांबच्या विहिरीवरून हंडे वाहिले. म्हणून एकोणपन्नास तरी जगली. मी नुसता मोजत फिरलो. एक हंडा उचलला नाही."

महिन्याभरानं हुकूम आला. अकरा घरांची सूट गेली. माणूस एकच ठेवला, आणि ती गंगूबाई. मालोजीची बदली नर्सरीत झाली. दौलतरावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि आठवडाभर त्याला स्वतःचाच राग येत राहिला.

पाऊस स्थिरावल्यावर गंगूबाई चिठ्ठी घेऊन नर्सरीत आली. आधीची उन्हात जगली नव्हती; त्याच दारांसाठी पुन्हा अकरा रोपं हवी होती. मालोजीनं ती निवडून काढली, मुळांभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि टोपली आपल्याच डोक्यावर घेतली.

"चला," तो म्हणाला, "आज खड्डे मी खणतो."