डावा कान

सांगलीच्या कलामहाविद्यालयात आल्यापासून तीन वर्षांत बिरदेवने खरोखर मन लावून कमावलेली गोष्ट एकच, ती म्हणजे स्वतःची सही. 'बीर' एवढीच दोन अक्षरं, पण 'बी'ची वेलांटी अशी काही भिरकावलेली की चित्राचा निम्मा कोपरा तिनंच खावा. खोलीवरचा मित्र शिवतेज म्हणायचा, "नाकापेक्षा मोती जड झालाय गड्या." बिरदेवला ते पटायचंसुद्धा. वेलांटी मात्र काही आखूड होत नव्हती.

बाकी चित्रकाराला लागतं ते सगळं सामान त्याच्याकडे होतं. मानेवर रुळणारे केस होते, खादीचा झोळणा होता, बोलताना मध्येच 'अवकाश' आणि 'पोत' असे शब्द होते. एकदा माण तालुक्यातल्या आपल्या घरी जेवताना तो आईला म्हणाला होता, "भाकरीचा पोत छान आलाय." अंबूबाईनं घाबरून भाकरी उलटून बघितली. तिला वाटलं करपली.

अडचण होती ती माणसांची. त्याला माणसं काढता यायची, पण ती सगळी सारखी यायची. गेल्या वर्षी व्यक्तिचित्राच्या विषयात तो नापास झाला, तेव्हा विजयमाला मॅडम म्हणाल्या होत्या, "तुझी सगळी माणसं एकाच आईची लेकरं दिसतात, बिरदेव. तू बघत नाहीस. अंदाजानं काढतोस."

निकाल घरी कळला. वडील नानासो मेंढपाळ. पावणेदोनशे मेंढरं आणि ती राखायला ते एकटे. ते एवढंच म्हणाले, "आणिक एक डाव बसून बघ. त्यातबी न्हाई जमलं तर काठी घ्यायची आन् मेंढरामागं यायचं. माझ्यानं आता पळवत न्हाई." त्यात राग नव्हता, हीच पंचाईत होती. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

यंदा परीक्षेसाठी काम होतं ते असं: दिवाळीच्या सुट्टीत घरच्या एका माणसाला समोर बसवून तैलरंगात व्यक्तिचित्र करायचं. फोटोवरून करायचं नाही, ही अट. बिरदेव घरी गेला तेव्हा नानासो चार कोसांवरच्या माळावर मेंढरं घेऊन होते. तिथं जायचं म्हणजे कुसळं, लेंड्या आणि उघड्यावर झोप. पहिल्या दिवशी तो दमलेला होता. दुसऱ्या दिवशी ऊन होतं. पुढचे चार दिवस बाजेवर पडून त्यानं मोबाईलवर निरीक्षणशक्ती कशी वाढवावी याचे व्हिडिओ बघितले. सातव्या दिवशी धाकटी बहीण सोनिया बापाला भाकरी द्यायला निघाली, तेव्हा तिला म्हणाला, "येताना आबांचा एक फोटो काढून आण. नीट काढ. प्रकाश बघ."

सोनियाच्या फोनचा मागचा कॅमेरा फुटला होता. तिनं सेल्फीचा चालू केला, फोन आबांकडं धरला आणि अंदाजानं बटण दाबलं. नानासोंनी फोटोत एकटं कशाला म्हणून शेजारची एक मेंढी ओढून कडेला घेतली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त बिरदेवकडे उंट नव्हता, बाज होती.

आणि गंमत अशी की चित्र उतरलं. पटका, घोंगडं, भुवईवरचा जुना घाव, मेंढीच्या डोळ्यातला तो कंटाळा, सगळं उतरलं. विजयमाला मॅडम बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता बघायला लागलास तू." पहिले दोन दिवस बिरदेवला खजील वाटलं. तिसऱ्या दिवसापासून आपण खरंच माळावर गेलो होतो असं त्याला वाटायला लागलं. चौथ्या दिवशी त्यानं चित्राशेजारी लावायचं कार्ड लिहिलं आणि पाचव्या दिवशी घरी फोन करून म्हणाला, "आबा, परीक्षेदिवशी सांगलीला या. तुमाला काय तरी दावायचं हाय." हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची त्याला पहिल्यापासून हौस होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक दुपारी तीनला यायचे होते. नानासो विट्याला गाडी बदलून अकरालाच येऊन ठेपले, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. वॉचमन काठी बाहेर ठेवा म्हणाला, तर हे म्हणाले, "मग मीबी भाईरच ऱ्हातो." शेवटी ते आणि काठी, दोघं आत आले.

चित्राभोवती पोरं-पोरी जमली, विजयमाला मॅडमही आल्या. नानासोंनी चित्रातला स्वतःचा चेहरा निरखला, मिशीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. "ब्येस हाय. आरशात बघतो तसाच हाय की मी." बिरदेवची छाती फुगली. मॅडमही हसल्या.

मग नानासोंची नजर मेंढीवर गेली. ते पुढं वाकले, मागं सरकले, पुन्हा वाकले.

"ही मेंढी कुणाची रं?"

"आपलीच की आबा. तुमच्या कडेलाच हाय."

"आपली कशी आसंल? कान बघ. उजव्या कानाला चीर हाय. आपली खूण डाव्या कानाला. उजवा कान धनाजीचा." धनाजी म्हणजे नानासोंचा चुलतभाऊ. लोणंदच्या अंगाला दोघांचे कळप मिसळले होते आणि एका मेंढीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. "त्यो आधीच मला चोर म्हनतोय. आन् तू त्याची मेंढी माज्या बगलंत देऊन आख्ख्या सांगलीला दावतूस व्हय?"

पोरं हसली. बिरदेव हसला नाही, कारण मॅडम हसत नव्हत्या. त्या एकदा नानासोंकडे बघत होत्या, एकदा चित्राकडे. मग त्या सावकाश म्हणाल्या, "बिरदेव, घाव यांच्या डाव्या भुवईवर आहे. तू उजव्या भुवईवर काढलायस. पटक्याचा शेवही उलट्या बाजूला आहे. सगळंच उलटं आहे. सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोत होतं तसं."

बिरदेवला कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं कळलं. दोन्ही कानांच्या, त्यात डावं-उजवं काही नव्हतं.

एवढ्यात नानासो चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर शेजारचं कार्ड वाचायला लागले होते. एकेक अक्षर लावत, मोठ्यानं. "क-ळ-पा-सो-ब-त मा-ळा-व-र रा-हू-न, व-डि-लां-च्या स-ह-वा-सा-त के-ले-लं नि-री-क्ष-ण." वाचून झाल्यावर त्यांनी लेकाकडे बघितलं. "कवा आलतास रं माळावर?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. आपण झोपेत असताना पोरगं येऊन गेलं की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. बिरदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाई आलो आबा," तो म्हणाला. "फोटोवरनं केलंय."

बाविसाव्या वर्षी त्याच्या लक्षात आलं, की ज्या बापाला आपण जन्मापासून समोरून बघतोय, त्याच्या कपाळावरचा घाव उलट्या बाजूला गेला तरी आपल्याला पत्ता लागला नाही. बापाला स्वतःचं तोंड फक्त आरशातलं माहीत, म्हणून त्याला ते बरोबर वाटलं. आणि पावणेदोनशे मेंढरांतल्या एकीचा कान चुकला, तो त्याला लांबूनच दिसला.

"आता?" बिरदेवनं मॅडमना विचारलं. नापासच करा, असं म्हणायचं त्याच्या जिभेवर होतं, पण काठी समोर दिसत होती.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "हे चित्र मी परीक्षकांपुढं ठेवणार नाही. पण तीनला अजून पावणेचार तास आहेत, आणि तुझा माणूस समोर उभा आहे. कोरा कॅनव्हास घे. मी इथंच बसते."

नानासोंना स्टुलावर बसवलं. पहिला अर्धा तास बिरदेवचा हात सवयीनं तेच जुनं, सगळ्यांचं मिळून एक असलेलं नाक काढत होता. त्यानं ते तीनदा पुसलं. चौथ्यांदा तो नुसता बघत बसला. नाक मधेच किंचित डावीकडं वळलेलं होतं. एक डोळा उन्हानं कायमचा बारीक झालेला होता. काठी धरून धरून उजवा खांदा खाली गेला होता आणि मानेच्या शिरा वर आलेल्या दिसत होत्या. 'माझ्यानं आता पळवत न्हाई' हे वाक्य त्याला वर्षापूर्वी ऐकू आलं होतं, दिसलं आज. त्याला एकदम रडू आलं. ते लपवायला त्यानं टर्पेंटाईनची बाटली उगाचच हुंगली.

"आसं टक लावून नगं बघूस," नानासो चुळबुळत म्हणाले. "बाजारातलं बकरं हाय का मी?"

"गप बसा आबा. हलू नगा."

"घाव नीट काढ. डावीकडं."

"दिसतूय मला."

तीन वाजता रंग ओला होता, घोंगड्याच्या जागी नुसते चार फराटे होते आणि हात तर काढायचेच राहिले होते. परीक्षकांनी घोंगड्याबद्दल नाक मुरडलं, चेहऱ्यापाशी मात्र थांबले. "सही राहिलीय," जाता जाता एक जण म्हणाले. बिरदेवला आठवलंच नव्हतं. त्यानं बारीक ब्रश घेतला आणि खाली 'बिरदेव नानासो' असं शाळेतल्या अक्षरात लिहिलं. वेलांटीला जागाच उरली नव्हती.

पहिलं चित्र नानासो घेऊन गेले, पण आधी त्यांनी लेकाकडून मेंढीचा उजवा कान बुजवून डावा चिरून घेतला. स्वतःचा घाव बदलू दिला नाही. "माझं ऱ्हाऊ दे. मला आसाच वळखीचा हाय. आन् धनाजी आला की आधी कानच बघंल."

महिन्यानं निकाल लागला. व्यक्तिचित्रात बेचाळीस, चाळीसला पास. त्यानं आबांना फोन केला.

"पास म्हंजी?" नानासोंनी विचारलं. "मेंढरामागं येत न्हाईस तर."

"न्हाई आबा."

पलीकडं नानासोंनी मेंढरांना हसऱ्या आवाजात हाळी दिली आणि शेवटाला त्यांना धाप लागली. बापाला आनंद झालाय आणि तो थकलाही आहे, दोन्ही एकदम, हे बिरदेवला फोनवरून दिसलं. तो म्हणाला, "पर सुट्टीत येतो. माळावर. म्हैनाभर राखतो मेंढरं, तुमी बसा."

"तुला मेंढरं वळखतील का?"

"मी वळखायला शिकतो की त्यांना."

"ये मग," नानासो म्हणाले. "पर फोन घरी ठिवून ये."