आठवी पेटी

तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनांना सगळं कार्यालय ‘खिडकीसाहेब’ म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर ते गेलंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून आवडलंही होतं. तळ्याकाठच्या सरकारी जागेचे परवाने त्यांच्या हातून निघायचे. काम चोख. वीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. फक्त एका गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं. माणूस खिडकीशी येऊन उभा राहतो आणि मग पिशवीत पेन शोधायला लागतो! त्यासाठी काचेवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटीच लावली होती. ‘अर्ज पूर्ण भरूनच खिडकीवर यावे. मागे माणसं उभी आहेत.’

यात त्यांचं चुकलं काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. मीही त्या खिडकीवरून एकदा परत आलोय, फोटो चिकटवायचा राहिला म्हणून. तेव्हा राग आला, पण घरी पोचेपर्यंत पटलं होतं. माझ्यामागे अकरा जण ताटकळत होते.

एकदा त्याच खिडकीवर पन्नाशीची एक बाई आली होती. मधमाश्या पाळणारी. तळ्याच्या पलीकडच्या काठाला फळबागा आहेत. त्या फुलल्या की मधमाश्यांच्या पेट्या तिकडे नेऊन ठेवायच्या, त्याचा परवाना तिला हवा होता. अर्ज अर्धा कोरा. साहेबांनी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती सगळं भरून, जोडून, सही ठोकून आली आणि दोन मिनिटांत शिक्का घेऊन गेली. साहेबांनी तिचा चेहरा काही पाहिला नाही. ते कागद बघायचे.

रविवारी मात्र हेच साहेब निराळे व्हायचे. त्यांनी हौसेने एक छोटी होडी घेतली होती. ट्रेलरवर चढवून, गाडीमागे ओढत ती तळ्यावर न्यायची आणि दिवसभर मासे धरत बसायचं. तळ्याला होड्या पाण्यात सोडण्यासाठी काँक्रीटचा एक उतार बांधलाय, सगळ्यांसाठी. रुंदी एका ट्रेलरपुरती. वर गाड्या लावायला मोकळं पटांगण आहे. शहाणी माणसं पटांगणातच सामान भरतात, पट्टे सोडतात, दोर बांधतात, होडीच्या बुडाला पाणी काढायचं भोक असतं त्याला बूच लावतात आणि मगच उतारावर येतात. पाण्यात जायला तीन मिनिटं पुरतात. आपले साहेब सकाळी सातला पहिला नंबर लावायचे, म्हणजे ट्रेलर थेट उताराच्या मधोमध उभा करायचे, आणि मग निवांत डिकी उघडायचे.

बायकोला या प्रकाराची भारी लाज वाटायची. मागे वळून बघायची तिची छाती व्हायची नाही. तिने किती रविवार सांगून पाहिलं की अहो, वरती सगळं करून घेऊ, मग खाली येऊ. साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. आपण लवकर उठतो, आपला नंबर पहिला, ज्याला घाई असेल त्याने आणखी लवकर उठावं.

पुढे महिन्याभराने एका रविवारी साहेबांच्या मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पोत आठ लाकडी पेट्या दोराने आवळलेल्या, आणि मागे ट्रेलरवर चपट्या बुडाची रुंद होडी. त्याच्याही मागे एक नळवाला आपल्या मेहुण्याला आणि आपल्या होडीला घेऊन आला. टेम्पोतून बाई उतरली. तीच, मधमाश्यांवाली. साहेबांनी तिला ओळखलं नाही. तिने अगदी सौम्यपणे विचारलं, की तुमचं सामान भरून होईपर्यंत मला पुढे सोडता का, माझं सगळं तयार आहे.

साहेब गळाच्या दोऱ्याची गाठ सोडवत होते. “बाई, रांग आहे ना? मी आधी आलोय.”

“पेट्यांत मधमाश्या आहेत हो. काल संध्याकाळपासून तोंडं बंद आहेत. ऊन चढायच्या आत पलीकडे नेऊन उघडायला हव्यात.”

“झालंच माझं. पाच मिनिटं.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच पाच मिनिटं वाटत होती. आपली पाच मिनिटं केवढी लांब असतात ते आपल्याला कळत नाही, मागच्याला विचारावं लागतं. उशा ठेवून झाल्या. घडीच्या खुर्च्या झाल्या. डबा एकदा इकडे ठेवला, मग उन्हात येतोय म्हणून तिकडे ठेवला. मोठ्या छत्रीचा दांडा सापडेना. नळवाल्याने एकदा हॉर्न वाजवला, तेव्हा साहेबांनी हात वर करून त्याला शांत राहायला सांगितलं.

साडेसातचे आठ झाले. त्या उघड्या पटांगणात सावलीचं नाव नाही. बाई बादलीने तळ्याचं पाणी आणून पेट्यांवर टाकलेली पोती भिजवत होती. साहेबांच्या बायकोला बघवेना. ती गाडीतून उतरली आणि दुसरी बादली उचलली. आधी पेट्यांतून बारीक गुणगुण येत होती, आता पिठाच्या गिरणीसारखी घरघर यायला लागली होती. बाईने तिला सांगितलं की उकडायला लागलं की सगळ्या मिळून पंखांनी वारा घालतात, त्याचा हा आवाज. त्यापलीकडे गेलं तर आतलं मेण मऊ होतं, मधाची पोळी ढासळतात आणि त्यांखाली मधमाश्या चिरडतात. मग इथेच का उघडत नाही, असं बायकोने विचारलं. इथे उघडल्या तर त्या भरकटतील आणि रांगेतल्या माणसांना फोडून काढतील, असं बाई म्हणाली. बायकोने एका पेटीवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. ती तडक खाली आली.

“अहो, छत्री राहू दे. तिकडे त्यांचा अख्खा संसार आत शिजतोय. मी हात लावून आले.”

साहेबांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. ओली पोती पाहिली, रांग पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला. मग त्यांची जी धांदल उडाली! पट्टे भराभरा सोडले, बायकोला गाडी मागे घ्यायला लावली, होडी धक्का देऊन पाण्यात सोडली. ती छान तरंगली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात होडीची मागची बाजू हळूहळू खाली बसायला लागली. बूच! बूच डिकीतच राहिलं होतं. इंजिनाच्या वजनाने होडी उताराच्या तोंडाशी पाण्यात आडवी रुतली. आता बाईला पुढे सोडायचं म्हटलं तरी वाट उरली नव्हती.

पाण्यात पहिली उतरली ती बाई. चपला काढल्या, दोर मागितला आणि कंबरेएवढ्या पाण्यात जाऊन होडीला बांधला. मागोमाग नळवाला, मेहुणा आणि शेवटी साहेब. चौघांनी ओढून, उपसून, पुन्हा ओढून ती होडी ट्रेलरवर घेतली आणि उतार मोकळा केला. पंचवीस मिनिटं गेली. कुणी साहेबांना एक शब्द लावून बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

मग बाईने आपली होडी सोडली. बूच लावलेलं, दोर बांधलेला, वल्ही जागच्या जागी. साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही, पण तीन मिनिटंच लागली असतील. पेट्या उचलायला ते न सांगता पुढे झाले. पहिली पेटी उचलली तर आतली थरथर त्यांना कोपरापर्यंत जाणवली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. सातही पेट्या अशा हातात जिवंत लागत होत्या. आठवी उचलली आणि साहेब जागच्या जागी थांबले. पेटी गप्प होती. तिच्या बुडातून काहीतरी चिकट, कोमट त्यांच्या बोटांवर ओघळत होतं. मध होता तो.

बाईने झाकणावर हात ठेवला, कान लावला. “ही गेली,” एवढंच म्हणाली.

“मला कल्पना नव्हती हो,” ते कसंबसं म्हणाले.

“होती, साहेब.” तिचा आवाज चढला नाही. “तुमच्याच खिडकीने मला शिकवलंय. अर्ज अर्धा कोरा घेऊन आले होते, तुम्ही पाटी दाखवलीत. राग आला होता मला. मग घरी जाताना म्हटलं, माणूस बरोबर आहे. आपण पुढे उभे असतो ते मागच्याच्या वेळेवर उभे असतो. तेव्हापासून मी कुठेही तयार होऊनच जाते. आज तुम्हाला इथे पाहिलं आणि वाटलं, चला, हे साहेब आहेत, आता काळजी नाही.”

साहेबांनी तेव्हा कुठे तिचा चेहरा नीट पाहिला.

“हा उतार म्हणजेसुद्धा खिडकीच आहे,” ती म्हणाली. “नंबर पहिला आला म्हणून जागा आपली होत नाही. मागचे सगळे आपल्या हातात असतात, तेवढंच होतं. माणसंही आणि हे मुके जीवही.”

ती गेली. सात पेट्या घेऊन, कारण त्या अजून वाचवायच्या होत्या. आठवी साहेबांनी टेम्पोत परत ठेवली. त्या दिवशी त्यांनी मासे धरले नाहीत. घरी जाऊन नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, आणि जेवताना एकदम बायकोला म्हणाले, “तू इतके रविवार सांगत होतीस. मी ऐकायला हवं होतं.” तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

सोमवारी तीन नंबरच्या खिडकीबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या आल्या. टेबलावर दोऱ्याने बांधलेली पेनं, गोंद, टाचण्या. तयार होऊन या असं म्हणायचं तर तयार व्हायला जागाही द्यायला हवी, हे साहेबांना आता पटलं होतं. मग त्यांनी उताराच्या वरच्या पटांगणात तयारीसाठी पांढऱ्या रेषा आखायचा आणि पाटी लावायचा अर्ज लिहिला. रांगेत उभे राहून तो शेजारच्या खिडकीवर दिला, आणि त्या खिडकीने तो परत पाठवला, तारीख घालायची राहिली म्हणून! कार्यालयाला हसायला आठवडाभर पुरलं. साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी तारीख घालून पुन्हा रांगेत उभे राहिले.

आज त्या उताराच्या तोंडाशी वळणदार अक्षरात पाटी आहे. ‘आधी तयारी, मग उतार. मागे माणसं उभी आहेत.’ नवखा कुणी आला की साहेब स्वतःहून जवळ जातात, ट्रेलर मागे घ्यायला हात दाखवतात आणि बूच लावलंय का ते हमखास विचारतात. नळवाला त्यांना हल्ली ‘बूचसाहेब’ म्हणतो, तोंडावर.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाची अशी एखादी खिडकी असते जिथे आपण नियमाचे पक्के असतो, आणि असा एखादा उतार असतो जिथे तोच नियम आपण घरी विसरून येतो. सार्वजनिक जागा कुणाचीच नसते असं नाही. ती आपल्यानंतर येणाऱ्याची असते. आपण ती वापरतो तेवढा वेळ त्याच्याकडून घेतलेला असतो, आणि तो लवकर परत करणं यालाच सभ्यता म्हणतात. त्याला फार काही लागत नाही. आधी तयारी लागते आणि एकदा मागे वळून बघावं लागतं.

पुढच्या वर्षी बागा फुलल्या तेव्हा टेम्पो पुन्हा आला. साहेबांचा नंबर पहिला होता आणि त्यांचं सगळं तयार होतं. तरी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बाईला पुढे यायची खूण केली. पेट्या उचलायला दोघं नवरा-बायको आले. सात झाल्या. शेवटच्या पेटीपाशी साहेब जरा घुटमळले.

“उचला, साहेब,” बाई म्हणाली. “ही तीच पेटी आहे. धुऊन, वाळवून ठेवली होती. सातव्या पेटीतल्या मधमाश्या खूप वाढल्या, मग त्यातल्या थोड्या हिच्यात घातल्या.”

साहेबांनी आठवी पेटी दोन्ही हातांनी उचलली. थरथर कोपरापर्यंत आली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मागे रांगेकडे पाहिलं, आणि पेटी छातीशी धरून झपझप पाण्याकडे निघाले.