ग्रहण सुटेपर्यंत धरलेली काच

मी कंदिलाची काच बोलतेय. पुरी काच नाही, तळहाताएवढा तुकडा. थोडक्यात सांगते, कारण वेळ फार थोडा आहे.

समज आली तेव्हा मी भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर, पलटणीच्या तंबूत होते. एका खेचराने कंदिलाला लाथ मारली आणि माझे तुकडे झाले. खेचरं सांभाळणाऱ्या आसारामने त्यातला एक उचलून ठेवला. पारनेरचा माणूस तो, काही फुकट घालवील तर शपथ!

१९४५च्या जुलैत तिथे सूर्यग्रहण दिसलं. आसारामने दिव्यावर धरून मला काजळी चढवली. सूर्य समुद्राकडे कलला होता. सगळ्यांनी मला हातोहात फिरवलं, ज्याने त्याने अंगठे टेकवले. दुसऱ्याची वस्तू माणसाला कधी नीट धरता येत नाही. आसारामकडे परत आले तेव्हा काजळी पुसली जाऊन मी मधोमध उघडी पडले होते.

"बस कर की आता," शेजारी बसलेला नगरचा कादर म्हणाला.

"माजी छबू पोटुशी हाय. ती तिकडं ताठ पडून आसंल. पान्याचा घोट न्हाई, कूस बदलायची न्हाई. गिरान सुटंपातूर मी बी डोळा हलवनार न्हाई."

आणि त्याने हलवला नाही. ऊन माझ्यातून थेट त्याच्या डोळ्यांत जात होतं. मी तळमळत होते, पण अडवणार कशाने?

त्याने कादरकडून घरी पत्र लिहवलं: छबूने ग्रहण नीट पाळलं ना? महिन्याने गावच्या दत्तोपंत मास्तरांच्या हातचं उत्तर आलं. तेही कादरनेच वाचलं, आसारामला आता अक्षरं दिसत नव्हती. 'ते ग्रहण आपल्याकडे दिसणारं नव्हतं, म्हणून कोणी पाळलं नाही. छबूबाईंनी त्या दिवशी वांगी चिरली, पोटभर जेवल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.'

आसाराम हसला. मग पांघरुणात तोंड खुपसून रडला. त्या लाथेतच माझं पीठ झालं असतं तर किती बरं झालं असतं!

त्याला घरी पाठवलं. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. त्याला कडेकडेचं दिसतं, पण नेमकं बघावं तिथे काळा डाग. लेकीचे, भीमाचे, पाय दिसतात, तोंड दिसत नाही.

"कुनावर गेलीया गं?" तो रोज विचारतो.

"तुमच्यावरच की," म्हणून छबूबाई चुलीकडे वळते.

मला मात्र त्याने कोनाड्यात जपून ठेवलं. काजळी केव्हाच झडली.

आज छबूबाई विहिरीवर गेलीय. तीन वर्षांच्या भीमाने पाटावर चढून मला काढलंय. अंगणात उभी राहून, मला डोळ्याला लावून ती वर उन्हाकडे बघतेय. आसाराम समोरच बसलाय. तिच्या तोंडाकडेच बघतोय, म्हणून मी त्याला दिसत नाही.

"काय बगतीस गं?" तो कौतुकाने विचारतोय. ती नुसती हसतेय.

छबूबाई, घागर तिथंच टाका आणि धावत या. मला हिसकावून दगडावर आपटा, चुराडा करा. बापाच्या वेळी मला ओरडता आलं नाही, आजही येत नाही. लवकर या हो बाई, पोर अजून बघतेय.