पाण्यात पाहिलेला नवरा

वर्ष संपत आलं की लोक कपाटं आवरायला काढतात. आमच्या ह्यांनी आयुष्य आवरायला काढलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे एखादी गोष्ट भिंतीवर लागल्याशिवाय ती खरी आहे असं ह्यांना वाटतच नाही. डोळे तपासायचा तक्ता असतो ना, वर भलं मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी, तसाच एक तक्ता ह्यांनी रंगवून घेतला आणि फ्रिजशेजारी टांगला. सगळ्यांत वर, वीतभर अक्षरांत, 'येत्या वर्षात तळं पोहून पार करणे'. त्याखाली जरा लहान, 'रोज पहाटे उठणे'. मग 'पोट कमी करणे'. मग 'गोड बंद'. शेवटची ओळ मुंगीएवढी होती. ती मी तक्त्याला नाक लावून वाचली. 'पोहायला नीट शिकणे.'

"अहो, ही ओळ वर नको का?" मी विचारलं.

"ध्येय मोठं असावं लागतं," हे म्हणाले. "बारीकसारीक गोष्टी मागून येतात. तूही एखादं ठेव. लांब पल्ल्याचं काहीतरी."

"माझं लग्न झालंय," मी म्हटलं. "तोच लांब पल्ला चाललाय."

गावाबाहेरच्या तळ्यात दर उन्हाळ्यात हौशी लोक या काठावरून त्या काठाला पोहत जातात. तळं लहान नाही. पलीकडची घरं इथून काड्यापेट्यांएवढी दिसतात. प्रत्येक पोहणाऱ्याच्या बाजूने एक नाव चालते. तिच्यात एक नावाडी आणि घरचं एक माणूस. त्या माणसाने पाणी द्यायचं, केळं द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवणं हा तर माझा धंदाच आहे, म्हणून ते घरचं माणूस म्हणजे मी असं मी धरूनच चालले होते. उन्हासाठी टोपी कुठली घ्यायची तेही ठरवलं होतं.

धंदा म्हणजे मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्या बाईच्या हातात स्टिअरिंग असतं आणि शेजारी माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक. दिवसभर माझं तोंड चालू. क्लच दाबा, आरशात बघा, डावीकडे घ्या, अहो डावीकडे म्हणजे दुसरं डावीकडे. घरी आल्यावर ते तोंड एकदम बंद कसं होणार? लेक घरात होती तोवर माझ्या सूचना दोघांत वाटल्या जायच्या. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि सगळा माल ह्यांच्या एकट्याच्या वाट्याला यायला लागला. भाजी वाढून घ्या. पंखा बंद करा. सरका. हे ऐकायचे, करायचे, आणि हळूहळू ह्यांचं बोलणंच आटत गेलं. जेवताना दोघांच्या चमच्यांचा आवाज तेवढा यायचा.

"नावेत तुझा भाऊ बसेल," एके दिवशी जेवताना हे म्हणाले.

माझ्या भावाला घरात सगळे निवांत म्हणतात. तो बसला की डुलकी घेतो आणि उठला की कुठे बसायचं ते शोधतो.

"आणि मी?"

"तू बोलतेस."

"मग?"

"मला पोहायचंय. गाडी नाही शिकायची."

मला ते लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. त्या दिवशी मी भांडी जरा जोरात ठेवली. ह्यांना मी नको होते असं नाही, माझा आवाज नको होता. पण आवाज वगळून मी किती उरते, हे माझं मलाच सांगता येईना. आणि ज्या माणसाला आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या कामात आपण शेजारी नको आहोत, त्याच्याबरोबर पुढची वर्षं त्याच टेबलाशी बसून काढायची, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

तरी मी तलावावर जायचे, म्हणजे पोहण्याच्या तलावावर, शिकवणी बघायला. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी पाण्यात पाहिलं नव्हतं, आता रोज पाहायला लागले. बाकावर बसायचे, ओठ घट्ट मिटून. हे भिंतीवर आपटायला आले की माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, पायात गोळा आला का म्हणून.

पोहणं हळूहळू जमलं. खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं. अडचण होती ती डोळ्यांची. दुसऱ्यांना चष्मे लावणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःचा नंबर इतका मोठा आहे, की चष्मा काढला की हे खांबाला "कसं काय?" विचारतात. पोहण्याच्या तलावात तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जाता येतं. तळ्याच्या तळाशी रेघ कोण मारून ठेवणार?

"नंबरचे गॉगल विकत मिळतात," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या हातचा चष्मा मी घालू?" ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकान बंद करून हे तासन्‌तास खपले आणि साध्या गॉगलमध्ये स्वतः घासलेल्या काचा डिंकाने चिकटवल्या. दिसायचं झकास. मी डिंकाबद्दल एक शंका काढली, ती सूचनांमध्ये जमा झाली.

स्पर्धेच्या आधी निवांतला एकदा नावेत बसवून बघायचं ठरलं. त्याला गाडी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव लागते हे त्या दिवशी कळलं. अगदी नावापुरता नावेत बसला, आणि काठ सुटायच्या आत त्याने सकाळचा नाश्ता तळ्याला अर्पण केला. नावाड्याने त्याला हाताला धरून उतरवला. निवांत गवतावर आडवा झाला आणि पडल्या पडल्या झोपला.

ह्यांनी बराच वेळ टॉवेलशी चाळा केला.

"तू येशील?" मग म्हणाले. "पण एक अट आहे. तोंडातून डावं-उजवं काढायचं नाही. एकदाही नाही. माझा मी जाईन."

"ब्र काढणार नाही," मी म्हटलं. घरी येऊन तक्त्याच्या कोपऱ्यात माझं ध्येय लिहिलं, 'गप्प बसणे'. ते कुठल्या आकारात लिहू हे कळेना, म्हणून मधल्यात लिहिलं.

स्पर्धेच्या दिवशी सगळे धपाधप पाण्यात पडले. हे सगळ्यांत शेवटी, आधी पायाची बोटं बुडवून, मग खांद्यांना पाणी लावून, पूर्वी आंघोळीला बसायचे तसे. पण एकदा निघाले ते छान निघाले. हात लांब, पाय सरळ, दम धरून. मी मांडीवर केळी घेऊन बसले होते आणि मला मनापासून अभिमान वाटत होता. तो तोंडाने सांगायचा मोह झाला. पण 'शाबास' म्हटलं की पाठोपाठ 'आता जरा हळू' येतंच, म्हणून गिळला.

पाव तळं झालं असेल. हे मध्येच थांबले, डोळ्याला हात लावला आणि पाण्यात खाली बघितलं. डाव्या डोळ्याची काच गेली होती. डिंक. थोडं पुढे गेल्यावर उजवीही गेली. ह्यांनी नुसता हात हलवला, काही झालं नाही अशा थाटात, आणि परत पोहायला लागले. पण आता सरळ नाही. आधी थोडं तिरपं, मग बरंच तिरपं, मग सरळ लव्हाळ्याच्या दिशेने.

नावाडी कमी बोलणारा म्हातारा होता. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, साहेब कुठे निघाले?"

मी खांदे उडवले.

"सांगा की त्यांना."

मी ओठांवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने वल्ही मारत नाव ह्यांच्यामागून नेली. माझा उजवा पाय नावेच्या फळीवर असा काही दाबला जात होता, की फळी कुरकुरायला लागली. लव्हाळं आलं, ह्यांच्या हाताला लागलं, हे दचकून वळले आणि आता नव्या जोमाने निघाले ते जिथून सुरुवात केली त्या काठाकडे. बाकीचे पोहणारे ठिपक्यांएवढे झाले होते. माझा जीव टांगणीला लागला. बोलले तर अट मोडते, आणि परत हा माणूस मला कशातच शेजारी बसवणार नाही. नाही बोलले तर हे सकाळभर पोहून घरच्याच काठाला लागणार.

तेवढ्यात हे थांबले. पाण्यात उभे राहून हात हलवत मान इकडे-तिकडे फिरवायला लागले. नाव अगदी जवळ होती, पण बघत होते भलतीकडेच.

"अगं," हे म्हणाले. "आहेस का तू?"

मी नावेच्या कडेवरून पुढे वाकले.

"अगं, आहेस ना?" आता आवाज जरा कापला.

"आहे," मी म्हटलं.

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मग बोलत का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना."

"डावं-उजवं नको म्हटलं होतं. बोलू नको असं कुठे म्हटलं? मला काही दिसत नाहीये. इतका वेळ मला वाटलं, नाव गेली निघून."

मी बोलायला तोंड उघडलं. 'हळू' आलं. मिटलं. परत उघडलं, 'केळं खा' आलं. परत मिटलं. मग 'पाय हलवा', मग 'घाबरू नका'. जे काही सुचत होतं ती सूचनाच होती. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसाशी बोलायला माझ्याकडे एक साधं वाक्य नव्हतं. मला रडूच आलं, खरं सांगते. नावाडी दुसरीकडे बघायला लागला.

"बोल काहीही," हे पाण्यातून म्हणाले. "दुकानात गिऱ्हाइकं बोलतात तसं."

"माझ्याकडे एक नवीन बाई शिकायला आलीय," मी म्हटलं. "भुलीची डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या आधी लोकांना झोपवते. आणि चौक आला की स्वतःच डोळे मिटते."

"मिटते म्हणजे?"

"गच्च मिटते. मी विचारलं, असं का? तर म्हणते, आपण बघितलं नाही तर समोरचे आपल्याला सांभाळून घेतात."

हे हसले. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पण हसले. मी नावाड्याला मानेनेच पलीकडचा काठ दाखवला. त्याने नाव वळवली आणि सरळ समोर न्यायला लागला. हे माझ्या आवाजामागून आले, बेडकासारखे, डोकं पाण्यावर ठेवून, म्हणजे एकही शब्द सुटायला नको.

मी सांगत राहिले. ती बाई पहिल्यांदा भर रस्त्यावर कशी आली. सिग्नल हिरवा झाला तरी हलेना, मागून भोंगे सुरू झाले, तशी ती दार उघडून खालीच उतरली आणि मागच्या प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन माफी मागत सुटली. एकाने तिला ओळखलं, त्याच्या सासूला तिनेच भूल दिली होती. दोघं तिथेच सासूच्या तब्येतीबद्दल बोलत बसली. नावाडी हसताना वल्ही सोडून द्यायचा आणि ह्यांना थांबावं लागायचं. मी एरवी अशा गोष्टी घरी कधी सांगत नाही. घरी येईपर्यंत त्या विसरून पंख्याकडे बघत असते.

"मग?" हे दर थोड्या वेळाने विचारायचे. "पुढे?"

"पुढे काय, मी एकटी गाडीत. हसून हसून माझी मुरकुंडी वळली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय ब्रेकवर नव्हता. रस्त्याला चढ होता. आणि गाडी हळूहळू मागे सरकायला लागली."

तेवढ्यात ह्यांचे गुडघे वाळूला लागले. आम्ही पलीकडे पोचलो होतो. काठावर कुणी नव्हतं. पदकं वाटून लोक घरी गेले होते, एक माणूस टेबलाचे पाय दुमडत होता. त्याने आमच्याकडे बघून सवयीने दोन टाळ्या वाजवल्या.

हे लटपटत बाहेर आले. मी चष्मा पुढे केला. तो घालून हे मागे वळून तळं बघतील असं मला वाटलं. निदान वेळ तरी विचारतील. पण हे माझ्याकडेच बघत राहिले. दात वाजत होते.

"गाडी थांबली कशी?"

"सांगते," मी म्हटलं. "आधी अंग पुसा."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ह्यांनी निमूटपणे टॉवेल घेतला आणि माझ्याशेजारी ओल्या दगडावर बसले.

"पुसतो," हे म्हणाले. "तू सांग."